कलापथकाचे समग्र वाङ्मय : लाल बावटा कलापथकाच्या संकलनाचा प्रश्न

१

१९६९ च्या पावसाळ्यात मराठी शाहिरीने आपले दोन थोर पुरुष पाठोपाठ गमावले. १८ जुलै रोजी अण्णाभाऊ साठे मुंबईत निवर्तले. त्यानंतर ४२ दिवसांनी, २९ ऑगस्ट रोजी, अमर शेख यांना इंदापूरनजीक अपघाती मृत्यू आला. परळ-लालबागच्या श्रोत्यांना ही दोन नावे सुटी ठाऊक नव्हती. द. ना. गव्हाणकर यांच्या नावासह ती एका त्रयीची नावे होती आणि ही त्रयी ज्या संघटनेच्या द्वारे लोकांपुढे आली ती संघटना म्हणजे १९४४ च्या सुमारास मुंबईत उभे राहिलेले लाल बावटा कलापथक होय.

या त्रयीपैकी दोघांच्या मृत्यूला आता अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला आहे. या अवधीत अण्णाभाऊंचे निवडक वाङ्मय शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९८ मध्ये एका भरघोस ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध केले. अमर शेख यांची कविता 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) या संग्रहांतून त्यांच्या हयातीतच ग्रंथबद्ध झाली होती. गव्हाणकरांचे नाव मात्र अभ्यासकांच्या लेखनात तुलनेने क्वचितच येते. अशा रीतीने व्यक्तीव्यक्तीचे वाङ्मय कमीअधिक प्रमाणात संकलित झाले. परंतु ज्या कलापथकाने ते गाऊन दाखविले, त्या कलापथकाचा आरंभापासून अखेरपर्यंतचा संग्रह कसा असावा, हा प्रश्न जवळजवळ अस्पर्श राहिला आहे. प्रश्न केवळ ग्रंथव्यवस्थेचा नाही. एखाद्या गाण्याचा कर्ता कोण, ते लिहिणारा, ते गाणारा, की त्याला झील देणारा, या प्रश्नाच्या उत्तरावर त्या काळाच्या इतिहासाचे स्वरूप अवलंबून आहे. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

२

शाहिरी वाङ्मयाच्या संकलनाची परंपरा मराठीत नवी नाही. १८९१ मध्ये हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह प्रसिद्ध केला. गावोगावच्या गोंधळ्यांच्या व शाहिरांच्या मुखातून ऐकून हे पोवाडे उतरवून घेण्यात आले होते. पुढे यशवंत नरसिंह केळकर यांनी 'ऐतिहासिक पोवाडे' या ग्रंथाच्या खंडांतून तेच कार्य अधिक चिकित्सक दृष्टीने पुढे नेले. त्याचा पहिला खंड १९२८ मध्ये निघाला. या दोन्ही संग्रहांची रचना पाहिली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. पोवाड्यांचा क्रम मुख्यतः प्रसंगानुसार आणि पुरुषानुसार लावलेला आहे. अफझलखानाचा वध, सिंहगडाची लढाई, पानिपतचा संग्राम, खर्ड्याची लढाई असे ते टप्पे आहेत. कवनाच्या अखेरीस शाहिराची नाममुद्रा असेल तर तिची नोंद घेतली जाते, नसेल तरी पोवाड्याचे संग्रहातील स्थान डळमळत नाही. संग्राहकांच्या दृष्टीने पोवाडा हा प्रथम प्रसंगाचा होता, कर्त्याचा नंतर.

लावणीच्या बाबतीत संकलनाची पद्धत निराळी पडली. रामजोशी, अनंतफंदी, होनाजी बाळा यांच्या रचना कर्त्यांच्या नावानिशी स्वतंत्रपणे छापल्या गेल्या आणि त्यांत शाळिग्रामांचाच मोठा वाटा होता. तथापि याच परंपरेत 'होनाजी बाळा' हे नाव विचार करण्याजोगे आहे. होनाजी हा कवन करणारा आणि बाळा करंजकर हा ते गाणारा. दोन माणसांच्या कामगिरीला लोकांनी एकच नाव दिले आणि ग्रंथकारांनीही ते तसेच स्वीकारले. गाणाऱ्याला कर्त्याच्या नावात अर्धा वाटा देण्याची ही रीत लोकांनी निर्माण केली होती, ग्रंथालयांनी नव्हे.

तात्पर्य, लाल बावटा कलापथकाच्या संकलनाचा विचार करणाऱ्यापुढे मराठी परंपरेने तीन वाटा घालून ठेवल्या आहेत : प्रसंगानुसारी संग्रह, कर्त्यानुसारी संग्रह आणि जोडनावाचा संग्रह. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांपैकी दुसरी वाट रूढ झाली. ती का रूढ झाली आणि तिच्यामुळे काय हाती आले व काय निसटले, हे पाहण्यासाठी कलापथकाच्या जडणघडणीकडे वळले पाहिजे.

३

परळ, लालबाग, नायगाव, शिवडी आणि वरळी या भागांत पसरलेले गिरणगाव हे विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात मराठी ग्रामीण जीवनाचेच एक विस्तारित अंग होते. कोकण आणि घाट येथून आलेला कामगार चाळीतील एका खोलीत गावकीच्या माणसांसह राहत असे. भजनी मंडळ, तमाशाचा फड, नमन-खेळे, गोंधळ हे सारे त्याच्याबरोबर शहरात आले होते. १९२२ पासून परळच्या दामोदर नाट्यगृहामुळे कामगार रंगभूमीला एक हक्काचे स्थान मिळाले. १९२८ च्या प्रदीर्घ संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि तिचा लाल बावटा हे या वस्तीच्या राजकीय जीवनाचे चिन्ह बनले. कलापथकाच्या नावातील 'लाल बावटा' हे शब्द या इतिहासातून आलेले आहेत. ते केवळ पक्षनिदर्शक नाहीत, स्थलनिदर्शकही आहेत.

या त्रयीतील दोघांची पूर्वकथा थोडक्यात सांगणे अवश्य आहे. तुकाराम भाऊराव तथा अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे मांग समाजात झाला. औपचारिक शिक्षण त्यांना जवळजवळ लाभलेच नाही. बालपणी कुटुंबासह ते मुंबईस आले, मिळेल ते अंगमेहनतीचे काम केले, गिरणीतही राबले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कामगार चळवळीशी जोडले गेले. अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, गाव बार्शी. मोटारीवरील क्लीनर आणि गिरणीतील कामगार अशी कामे करीत करीत ते चळवळीत आले. आईच्या ओव्यांचा संस्कार त्यांच्या कवितेवर अखेरपर्यंत राहिला. एक मांगवाड्यातील तमाशाच्या वळणात वाढलेला, दुसरा मुसलमान घरात मराठी ओवी ऐकत वाढलेला. त्यांच्या जोडीला गव्हाणकरांसारखा तितकाच पल्लेदार शाहीर. या मिश्रणाशिवाय कलापथकाचा सूर समजत नाही.

बाह्य परिस्थितीही अनुकूल होती. जुलै १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठली आणि गिरगावातील खेतवाडी भागात पक्षाचे मुख्य कार्यालय उघडपणे चालू लागले. २५ मे १९४३ रोजी मुंबईत भारतीय जननाट्य संघाची, म्हणजे 'इप्टा'ची, स्थापना झाली. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने थैमान घातले आणि फेब्रुवारीत स्टालिनग्राड येथे जर्मन सेनेने शरणागती पत्करली. या दोन्ही घटनांवर अण्णाभाऊंनी पोवाडे रचले. स्टालिनग्राडच्या पोवाड्याने एक वेगळीच गोष्ट सिद्ध केली. व्होल्गाकाठची लढाई पानिपतच्या चालीवर गाता येते आणि ती ऐकण्यास गिरणीच्या पाळीवरून सुटलेला कामगार थांबतो, हे त्यातून दिसून आले. पुढच्याच वर्षी तिघे एका कलापथकात एकत्र आले.

४

कलापथकाचे कार्य कसे चाले, हे समजल्याविना संकलनाचा प्रश्न नीट मांडता येणार नाही. पोवाड्यात मुख्य शाहीर चौकातील ओळ उचलतो. त्याचे साथीदार, ज्यांस झीलकरी म्हणतात, ते तिचा शेवट वरच्या पट्टीत धरून ठेवतात. तुणतुणे एक स्वर अखंड लावून धरते, डफ लय बांधतो आणि झांज तिला धार आणते. झील ही शोभेसाठी नसते. ती चालू असता शाहिराला श्वास घेण्यास उसंत मिळते, समोरच्या गर्दीचा कल जोखता येतो आणि पुढची ओळ गायची की मध्ये चार शब्द गद्यात बोलायचे, याचा निर्णय करता येतो. म्हणजे ऐनवेळी होणारी जी रचना आहे, ती झीलकऱ्याच्या आधारावर उभी असते.

पाश्चात्त्य समूहगायनातील स्वरसंवादाशी याची तुलना उद्बोधक ठरेल. तेथे निरनिराळे कंठ एकाच क्षणी निरनिराळे स्वर गातात आणि त्यांच्या मेळातून एक नवा परिणाम साधतात. याच मुंबईत सलिल चौधरी यांनी १९५८ मध्ये बाँबे यूथ कॉयर स्थापून जननाट्य संघाच्या परंपरेतील गीते अशा स्वरसंवादाने बसविली. कलापथकाची रीत याहून भिन्न. तेथे सर्व कंठ एकाच स्वराकडे धावतात. समूहाचा प्रत्यय एकाच क्षणी लागलेल्या अनेक स्वरांतून येत नाही, तर एकाने सोडलेली ओळ दुसऱ्याने झेलण्यातून येतो. कॉयरचे गायन स्वरलेखनात उतरविता येते, कारण कोणी काय गायचे ते आधी ठरलेले असते. झील कागदावर उतरताना मात्र ध्रुवपदाच्या एका खुणेपुरती किंवा दोनचार नादशब्दांपुरती उरते. कलापथकातील सामूहिक अंश छापील पानावर सर्वांत आधी नाहीसा होतो, तो या कारणाने.

लोकनाट्यांच्या बाबतीत हेच अधिक प्रकर्षाने घडले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'बेकायदेशीर', 'लोकमंत्र्यांचा दौरा' इत्यादी लोकनाट्ये अण्णाभाऊंच्या नावावर आहेत आणि ती त्यांनीच रचली यात शंका नाही. त्यांनी तमाशाच्या गण-गवळण-बतावणी-वग या जुन्या बांधणीत मूलगामी फेरफार केला. गणातील गणपतीच्या जागी मातृभूमीचे आणि हुतात्म्यांचे स्मरण आले, गवळण वगळली गेली आणि वगातील राजाची जागा सावकाराने, शेटजीने वा पुढाऱ्याने घेतली. परंतु बतावणीचा प्राण हजरजबाबात असतो. नटाने सभेच्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील बातमी घेऊन केलेली कोटी संहितेत नसते आणि असली तरी दुसऱ्या दिवशी बदललेली असते. मुद्रित संहिता ही या प्रयोगांची एक अवस्था आहे. तिला अंतिम पाठ मानणे शास्त्रीय दृष्ट्या धाडसाचे ठरेल.

५

या वाङ्मयाला स्थिर पाठ लाभला तो कलेच्या गरजेतून नव्हे, तर दोन बाह्य कारणांनी. पहिले कारण छापखाना. पोवाड्यांच्या लहान पुस्तिका काढून त्या सभेच्या ठिकाणी अल्प किमतीस विकण्याची पद्धत होती. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर शाहिराचे नाव असे, झीलकऱ्यांचे नसे. दुसरे कारण शासनाचा अंकुश. नाटकाची संहिता पोलिसांकडून आधी तपासून घेण्याचा रिवाज इंग्रजी अमदानीपासून चालत आला होता आणि त्याच्या मुळाशी १८७६ चा नाट्यप्रयोगविषयक कायदा होता. ज्या कलेत रोजचा प्रयोग रोज निराळा, त्या कलेला या व्यवस्थेने एक लिखित आणि सहीशिक्क्याचा पाठ निर्माण करावयास लावले.

स्वातंत्र्यानंतर हा अंकुश सैल न होता आवळला गेला. १९४८ पासून कम्युनिस्ट पक्षावर दडपशाही सुरू झाली. मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असता कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. याच काळात अश्लीलतेच्या कारणास्तव तमाशावरही निर्बंध घातले गेले. 'तमाशा' हा शब्द टाळून 'लोकनाट्य' हा शब्द पुढे येण्यामागे हे निर्बंध होते, असे परंपरेने सांगितले जाते. तो शब्द पुढे इतका रूढ झाला की शिष्ट रंगभूमीनेही तो आपला म्हणून स्वीकारला. त्याच्या जन्मामागील अडचणीची आठवण मात्र मागे पडली.

बंदीचा परिणाम संकलनाच्या दृष्टीने दुहेरी झाला. एकीकडे कार्यक्रम थांबल्याने शाहिरांना लेखनाकडे अधिक वळावे लागले. 'शाहीर' हा अण्णाभाऊंच्या पोवाड्यांचा व गीतांचा संग्रह १९५२ मध्ये आला. पुढे 'फकिरा' (१९५९) सारख्या कादंबऱ्यांनी त्यांना लेखक म्हणून मान्यता मिळवून दिली. 'फकिरा'ला १९६१ मध्ये राज्य शासनाचे पारितोषिक लाभले. दुसरीकडे, जे कलापथक एकसंध होते त्याचे घटक पांगले आणि ज्याची त्याची वाटचाल स्वतंत्र होऊ लागली. लेखकाचा उदय आणि पथकाचा अस्त या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

६

पांगलेली ही माणसे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पुन्हा एका मंचावर आली. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या शरदात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा होताच शहर पेटले. या आंदोलनात शंभराहून अधिक माणसे बळी पडली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक राज्य आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र, या टप्प्यांनी लढा पुढे गेला. शिवाजी पार्क, परळचे कामगार मैदान, नरे पार्क येथील सभांत वक्त्यांच्या आधी शाहीर उभे राहत. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या श्रोत्याला सीमाप्रश्न, द्वैभाषिक, केंद्रशासित या शब्दांचा अर्थ शाहिरांनी पोहोचविला.

या काळातील 'माझी मैना' ही अण्णाभाऊंची छक्कड संकलनाच्या प्रश्नाचे जणू नमुन्याचे उदाहरण आहे. पोटासाठी मुंबईस आलेल्या कामगाराची पत्नी गावी राहिली आहे, अशी तिची मूळ कल्पना. ही कल्पना नवी नाही. गिरणगावातील घरोघरचा तो अनुभव होता. अण्णाभाऊंनी त्या विरहाचा धागा बेळगाव-कारवारसारख्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या प्रदेशाशी जोडला आणि नवऱ्यापासून तुटलेली बायको हे तुटलेल्या मुलखाचे रूपक बनले. शृंगाराच्या वळणाने आलेले गाणे न कळत राजकीय होते आणि श्रोत्याला आपली खाजगी व्यथा सार्वजनिक मागणीत मिसळलेली आढळते.

ही रचना अण्णाभाऊंची हे निर्विवाद आहे. परंतु ती महाराष्ट्रभर पसरली त्यात अमर शेख यांच्या पहाडी आवाजाचा वाटा कोणीही नाकारणार नाही आणि पुढच्या पिढ्यांना ती विठ्ठल उमप यांच्यासारख्या शाहिरांच्या कंठातून परिचित झाली. या प्रवासाची खूण तिच्या शीर्षकातच उमटली आहे. कोणी ती 'गावावर राहिली' अशी ओळखतो, कोणी 'गावाकडं राहिली' अशी. संपादकाच्या दृष्टीने हा पाठभेद होय आणि तो लेखकाच्या हस्तलिखितातून आलेला नसून गाणाऱ्यांच्या तोंडातून आलेला असण्याचा संभव अधिक. लेखकनिष्ठ संपादक यांतील एक पाठ शुद्ध ठरवून दुसरा तळटीपेत टाकील. प्रसंगनिष्ठ संपादक दोन्ही पाठ ग्राह्य धरील आणि कोणता पाठ कोणत्या मुखातून आला, हे शोधू लागेल.

'मुंबईची लावणी'विषयीही असेच म्हणता येईल. पठ्ठे बापूराव यांनी मुंबईच्या वैभवाचे वर्णन करणारी लावणी पूर्वी गाजविली होती. अण्णाभाऊंच्या लावणीत तीच नगरी श्रीमंतांची वस्ती आणि कामगारांची वस्ती अशी दुभंगून दिसते. ही लावणी पूर्वीच्या लावणीला दिलेले उत्तर आहे आणि श्रोत्याच्या कानात पूर्वीची लावणी असल्यानेच उत्तराला धार येते. अण्णाभाऊंच्या समग्र वाङ्मयात ती एकटी छापली असता हा संवाद ऐकू येत नाही.

७

असे असूनही कर्त्यानुसारी संकलनाचीच वाट रूढ का झाली, याचे उत्तर केवळ छापखान्याच्या सवयीत शोधून भागणार नाही. तीत न्यायाचाही एक अंश आहे आणि तो डावलणे योग्य होणार नाही. ज्या समाजाला शतकानुशतके लेखणीपासून दूर ठेवण्यात आले, ज्याच्या फडातील कवनांवर इतरांची नाममुद्रा सहज बसे, त्या समाजातील एका माणसाचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर येणे ही स्वतंत्र ऐतिहासिक घटना आहे. अण्णाभाऊ १९५८ मध्ये मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटक होते. दलित साहित्याच्या पुढील पिढीला त्यांच्या रूपाने एक पूर्वज लाभला. अशा लेखकाला 'पथकातील एक' असे म्हणून समूहात विरघळवून टाकणे म्हणजे त्याचे नाव पुन्हा एकदा पुसणेच होय. १९९८ च्या ग्रंथाने आणि त्यानंतरच्या शासकीय प्रयत्नांनी त्या नावाला जी स्थिरता दिली, ती समूहाच्या नावाखाली परत घेण्याचा अधिकार कोणाही संपादकाला नाही.

तथापि नाव स्थिर होताना त्याची एक किंमतही मोजावी लागली. तीन शाहीर ज्या एका मंचावर उभे होते तो मंच स्मरणातून तीन दिशांना गेला. अण्णाभाऊंची जयंती एका समाजाच्या अभिमानाचा दिवस झाली. अमर शेख यांची आठवण कवी आणि गायक या नात्याने निराळ्या वर्तुळात राहिली. गव्हाणकरांकडे असे वर्तुळच नसल्याने ते मागे पडले आणि झीलकरी, डफवाले, सोंगाडे यांची तर नावेही क्वचितच नोंदली गेली. मांग, मुसलमान आणि इतर जातींची माणसे एका तुणतुण्याच्या स्वरावर एकत्र गात होती, ही गोष्ट त्यांच्या प्रत्येक पोवाड्यातील शब्दांइतकीच अर्थपूर्ण होती. तिचा पुरावा मात्र लेखकवार खंडांत सापडत नाही.

श्रोत्यांच्या बाबतीत हीच हानी अधिक गंभीर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि परळ-लालबागची वस्ती ओळखू न येण्याइतकी पालटली. पथक तुटले तरी श्रोता जोवर एके ठिकाणी होता तोवर त्याच्या सामूहिक स्मृतीत चाली, कोट्या आणि झिली जिवंत होत्या. तो पांगल्यावर ही स्मृती घरोघरच्या सुट्या आठवणींत विखुरली. सभेत गायिलेल्या गाण्यांची ध्वनिमुद्रित साधने मुळातच तुटपुंजी असल्याने हा तोटा भरून काढण्यास दुसरा आधार फारसा उरत नाही.

८

या पार्श्वभूमीवर कलापथकाच्या समग्र संग्रहाची रूपरेषा कशी असावी, याचा काही विचार करता येईल. साठोत्तरी काळातील अमेरिकेच्या गायकसंघांचे संग्रह या बाबतीत मार्गदर्शक ठरू शकतात. 'बीच बॉइज' या स्वरसंवादासाठी ख्यात असलेल्या गायकसंघाच्या तीस वर्षांच्या कामगिरीचा पाच तबकड्यांचा संग्रह १९९३ मध्ये निघाला. त्यात गाजलेली गीते तर होतीच, पण ध्वनिमुद्रणाच्या वेळचे अपुरे तुकडे आणि वाद्ये वगळून केवळ कंठस्वर ऐकविणारे नमुनेही समाविष्ट होते. गीत पुरे कसे झाले आणि कोणत्या कंठाने त्यात काय घातले, हे ऐकणाऱ्याला कळावे, असा त्यामागील हेतू दिसतो. त्या संघाला ध्वनिमुद्रणगृह लाभले होते; गिरणगावातील पथकाला मैदान लाभले होते. साधने भिन्न असली तरी संपादनाचे तत्त्व एकच आहे : समूहाच्या संग्रहात समूहाच्या घडणीचा पुरावा आला पाहिजे.

हे तत्त्व मराठी परिस्थितीत लावू जाता चार गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, अशा संग्रहाचा क्रम ॲक्वर्थ-शाळिग्राम आणि केळकर यांच्या रीतीने प्रसंगानुसारी असावा. बंगालचा दुष्काळ, स्टालिनग्राड, अमळनेरच्या कामगारांचे हौतात्म्य, पंजाब-दिल्लीतील दंगे, तेलंगणाचा संग्राम, संयुक्त महाराष्ट्र या टप्प्यांखाली तिन्ही शाहिरांच्या रचना शेजारी शेजारी याव्यात. म्हणजे एकाच घटनेकडे तिघांनी कसे पाहिले, हे प्रथमच दिसेल. दुसरी, प्रत्येक रचनेवर कर्त्याचे नाव ठळकपणे असावे आणि त्याच्याखाली ती कोणी गायिली, झील कोणी दिली, कोणत्या चालीवर गायिली, याची ज्ञात तेवढी नोंद असावी. यामुळे कर्त्याचा मान अबाधित राहतो आणि गाणाऱ्यालाही त्याचा वाटा मिळतो. तिसरी, मौखिक पाठभेद दोष म्हणून न गाळता इतिहास म्हणून जपावेत. चौथी, पुस्तिका, पोलीस दप्तरातील संहिता आणि वृद्ध श्रोत्यांच्या आठवणी ही तीन साधने परस्परांशी ताडून पाहावीत. पोलिसांनी संहितेत काय खोडले आणि श्रोत्याच्या स्मरणात काय उरले, यांची तुलना करता येईल तेथे प्रयोगाचे खरे स्वरूप हाती लागण्याचा संभव आहे.

यांपैकी शेवटचे साधन दिवसेंदिवस क्षीण होत आहे. १९६० मध्ये विशीत असलेला श्रोता आज ऐंशी ओलांडून गेला आहे. दप्तरे आणि पुस्तिका आणखी काही वर्षे वाट पाहू शकतील. आठवणी पाहू शकणार नाहीत. मुंबई विद्यापीठात अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे, लोककलांच्या अध्ययनाची व्यवस्था आहे आणि परळ-लालबागच्या चाळींत आजही अशी घरे आहेत जेथे एखादी वृद्ध स्त्री वा पुरुष पोवाड्याचा चौक चालीसह म्हणून दाखवू शकेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधाच्या निमित्ताने अशा पाच-दहा घरांत जाऊन चाल, पाठ आणि झील देणाऱ्यांची नावे नोंदवून घेतली, तरी संग्रहाचा पाया घातला जाईल. ॲक्वर्थ-शाळिग्रामांच्या संग्रहाचा आरंभही असाच, गाणाऱ्याच्या समोर बसून, झाला होता.